नाताळच्या कादंबरीत हरते कोण?

डिसेंबर लागला की मी एका ठरावीक साच्याच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायला घेते आणि जानेवारी उजाडेपर्यंत त्यांची नावेही विसरून जाते. गाव छोटे असते, बर्फ भरपूर असतो आणि गावातल्या एकुलत्या एक मोठ्या रस्त्यावर समोरासमोर दोन बेकऱ्या असतात. एक तिची, एक त्याची. दोघांच्या आज्यांनी कधीकाळी एका केकच्या कृतीवरून एकमेकींशी बोलणे टाकलेले असते आणि ते वैर नातवंडांकडे दुकानाबरोबर वारशाने आलेले असते. मग नगराध्यक्ष नाताळची स्पर्धा जाहीर करतात, बक्षिसाची रक्कम नेमकी तिच्या थकलेल्या भाड्याइतकी निघते आणि पहिल्या पन्नास पानांतच कोणाच्या तरी अंगावर पिठाचे पोते रिकामे होते. चोवीस डिसेंबरच्या रात्री हे दोघे एकमेकांच्या मिठीत असणार, हे मुखपृष्ठच सांगून टाकते. तरीही मी वाचते आणि त्यातली बरीच पाने मोठ्याने हसत वाचते.

शेवट आधीच ठाऊक असणे हा या कादंबऱ्यांचा दोष मानण्याची पद्धत आहे, परंतु तो त्यांच्या कराराचाच भाग आहे. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ ही प्रणयकथा लिहिणाऱ्यांची संघटना १९८० साली स्थापन झाली. तिने या प्रकाराची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकहाणी हवी आणि शेवट समाधान देणारा व आशादायी हवा. तेव्हा या दोघांचे जमेल की नाही, हा प्रश्न वाचकाने विचारायचाच नसतो. मात्र नायक-नायिका प्रतिस्पर्धी असली की दुसराच एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर मुखपृष्ठावर सापडत नाही. स्पर्धा एक, बक्षीस एक. मग हरणार कोण? आणि जो हरेल त्याने त्याच रात्री, त्याच माणसाच्या गळ्यात आनंदाने हात कसे टाकायचे? माझ्या मते या कादंबऱ्यांचा कस इथेच लागतो, आणि बहुतेक लेखक इथेच अंग काढून घेतात.

जुन्या काळी हा प्रश्न पडत नसे, कारण भांडणाऱ्या प्रेमिकांकडे गमावण्यासारखे काही नसे. शेक्सपिअरच्या ‘मच अडो अबाउट नथिंग’ या, सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीस लिहिलेल्या नाटकात बिअॅट्रिस आणि बेनेडिक भेटतात तेव्हा शब्दांची चकमक झडल्यावाचून राहत नाही. तिचे काका त्याला ‘आनंदी युद्ध’ म्हणतात. या युद्धात पणाला लागतो तो निव्वळ अभिमान, आणि अभिमान दोघांनी एकाच वेळी सोडला तरी कोणाचे दुकान बंद पडत नाही. नाटक जिथे घडते त्या मेसिना गावातली मंडळी दोघांनाही आळीपाळीने फसवतात, दोघेही सारखेच बनतात आणि सारखेच हरतात. हिशेब चोख होतो. पुढे मध्यमवर्ग आला, नोकरी आली, भाड्याची पावती आली आणि प्रणयकथेतल्या भांडणाला पोटापाण्याची बाजू चिकटली.

ती बाजू सर्वांत नेटकेपणाने हाताळली गेली ती बुडापेस्टमध्ये. मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराने १९३७ साली एका अत्तराच्या दुकानावर नाटक लिहिले आणि त्यावरून एर्न्स्ट लुबिट्श यांनी १९४० साली ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा चित्रपट अमेरिकेत केला, तोही कथा बुडापेस्टमध्येच ठेवून. अत्तरांच्या जागी चामड्याच्या वस्तू आणि भेटवस्तू आल्या एवढाच काय तो बदल. बुडापेस्ट हे काही छोटे गाव नव्हे. परंतु मातुशेकसाहेबांचे ते दुकान हेच एक छोटे गाव आहे. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाची खबर असते, मालकाची मर्जी हेच तिथले हवामान असते आणि सकाळी दार उघडण्याची वाट पाहत सगळे फुटपाथवर उभे राहतात. क्रालिक हा तिथला मुरलेला विक्रेता. मालकाने सिगारेट ठेवण्याची, झाकण उघडताच सूर वाजवणारी पेटी त्याला दाखवली, तेव्हा ही वस्तू खपणार नाही, असे त्याने तोंडावर सांगितले. तेवढ्यात नोकरी शोधत आलेली क्लारा तीच पेटी एका गिऱ्हाइकाला मिठाईची पेटी म्हणून विकून मोकळी झाली: झाकण उघडले की गाणे वाजेल आणि आपण फार खातो आहोत याची आठवण होईल! क्लाराला नोकरी मिळाली आणि क्रालिकला वैरीण.

या प्रसंगाचे मला फार कौतुक वाटते, कारण दोघांपैकी कोणीही चुकलेले नाही. पेटी खपली हे खरे, आणि ती भिकार वस्तू होती हेही खरे. पुढे त्याच पेट्या उतरलेल्या किमतीच्या पाटीसह दुकानाच्या काचेमागे येतात. प्रतिस्पर्ध्यांची प्रेमकथा चांगली व्हायची तर दोघेही आपापल्या कामात तरबेज असले पाहिजेत, आणि दुसऱ्याचे कसब कळण्याइतकी अक्कल दोघांना असली पाहिजे. दिवसभर समोरच्याच्या चुका टिपणाऱ्या माणसाला त्याच्या चांगल्या गोष्टीही नाइलाजाने दिसत राहतात. क्लारा आणि क्रालिक रात्री ज्या अनोळखी व्यक्तीला भारावून पत्रे लिहितात, ती व्यक्ती दिवसा शेजारच्या काउंटरवर उभी असते, ही गंमत सर्वांना ठाऊक आहे. परंतु माझ्या लेखी दुकानातले भांडण हा पत्रांइतकाच खरा पत्रव्यवहार आहे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी दुकानात १९२८ नंतरची सर्वांत मोठी विक्री होते, बोनस वाटला जातो आणि दिवे मालवलेल्या दुकानात क्रालिक आपली ओळख उघड करतो. इथे हरते कोण? त्या दोघांपैकी कोणीच नाही, कारण त्यांचे भांडण एकाच छपराखालचे होते आणि छप्पर शाबूत राहिले. वादास नावाचा तोंडपूज्या विक्रेता नोकरीवरून हाकलला जातो, पण त्याच्याबद्दल कोणाला हळहळ वाटत नाही. खरे हरलेले आहेत ते म्हातारे मातुशेक. बायकोच्या विश्वासघाताने खचून त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता आणि आता नाताळच्या रात्री बर्फात उभे राहून ते आपल्याबरोबर जेवायला कोणी येईल का, याची चाचपणी करत आहेत. सगळे आपापल्या घरी निघालेले असतात. शेवटी नवा पोऱ्या तयार होतो आणि मालक त्याला जेवणात काय काय मिळेल याची यादी ऐकवतात. विनोदी चित्रपटात एवढे दुःख इतक्या हलक्या हाताने ठेवलेले मी फारसे पाहिलेले नाही. प्रेमिकांची हार दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर टाकून दिली आहे, परंतु ते खाते प्रेक्षकाला उघडून दाखवलेले आहे.

याच कथेवरून १९९८ साली नोरा एफ्रन यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘यू’व्ह गॉट मेल’ घडवला, पत्रांच्या जागी ईमेल आणली आणि एक फार मोठा बदल केला: दोघांना एकाच दुकानातून काढून हाकेच्या अंतरावरच्या दोन दुकानांत बसवले. तिचे आईकडून आलेले, चाळीसहून अधिक वर्षे चाललेले लहान मुलांच्या पुस्तकांचे दुकान. त्याची शहरभर पसरलेली पुस्तकांची महादुकाने. आता हरण्याचा प्रश्न टाळता येणार नव्हता, आणि एफ्रन यांनी तो टाळला नाही हे मान्य केले पाहिजे. तिचे दुकान बंद पडते. रिकाम्या फडताळांमधून ती बाहेर पडते, आणि तरीही शेवटी बागेत, ज्याच्यामुळे हे घडले त्याच माणसाला पाहून ‘तूच असावास, असे मला फार वाटत होते’ अशा अर्थाचे बोलून रडते. हा शेवट गोड आहे असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. शिवाय दोन्ही चित्रपटांत समोरचे माणूस कोण आहे हे पुरुषाला आधी कळते आणि तो ते बराच काळ मनात ठेवून तिला हळूहळू वळवत राहतो. १९४० साली तो जेमतेम तिच्याइतकाच गरीब आहे, त्यामुळे ही लबाडी खपून जाते. १९९८ साली त्याच्याकडे दुकानही आहे आणि गुपितही. एवढे सगळे एकाच पारड्यात पडल्यावर त्याला प्रतिस्पर्धी म्हणणे हा उपचारच उरतो.

आजच्या नाताळी कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी हा धडा मनावर घेतला असावा, कारण आता कोणीही कोणाचे दुकान बंद पाडताना दिसत नाही. चाळीस पाने उरलेली असताना शहरातून चकचकीत गाडीतून एक बिल्डर येतो, संपूर्ण रस्ताच विकत घेण्याचा बेत सांगतो आणि आतापर्यंत एकमेकांची शिडी ओढणारे दोघे क्षणात एका बाजूला होतात. किंवा परीक्षक गुणांची बेरीज करतात आणि ती अगदी समसमान येते. किंवा मधली भिंत पाडून दोन बेकऱ्यांची एक बेकरी होते. तिची पाटी कोणाच्या नावाने लागणार हे मात्र लेखिका सांगत नाही. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे नायकाने प्रेमापोटी मुद्दाम हरणे. ज्या बाईने दोनशे पाने जिवाच्या कराराने स्पर्धा केली, तिच्या हातात दान म्हणून मिळालेली ढाल ठेवायची आणि वर तिने विरघळायचे! मी असली कादंबरी त्या पानावर मिटते.

छोट्या गावाचा अट्टहास का, हे मला मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिजला गेल्यावर जास्त उमगले. माझी धाकटी बहीण बॉस्टनजवळ राहते आणि एका डिसेंबरमध्ये ती मला दोन-अडीच तास गाडी हाकत तिकडे घेऊन गेली. चित्रकार नॉर्मन रॉकवेल १९५३ पासून १९७८ मधील मृत्यूपर्यंत या गावात राहिले. इथल्या मुख्य रस्त्याचे नाताळातले लांबट चित्र त्यांनी १९५६ च्या सुमारास सुरू केले, ते ‘मॅकॉल्स’ मासिकाच्या डिसेंबर १९६७ च्या अंकात छापून आले, आणि या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवरचा रस्ता बहुतेक वेळा त्याच चित्राचा नातेवाईक असतो. दर डिसेंबरमध्ये गावकरी त्या रस्त्यावर जुन्या गाड्या आणून उभ्या करतात आणि स्वतःच्या गावाला स्वतःच्या चित्रासारखे सजवतात. लोकसंख्या जेमतेम दोन हजार. आम्ही दोघी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो आणि ते टोक फार लवकर आले. बहीण म्हणाली, “ताई, इथे दोघांचं भांडण झालं तर दोघं जाणार कुठे?”

मला वाटते, या प्रकारातला सगळा विनोद तिच्या या एका प्रश्नात आहे. शहरात भांडण झाले की माणूस रस्ता बदलतो, दुसऱ्या दुकानात जातो, प्रकरण संपते. इथे मात्र ज्याला सकाळी वकिलाची नोटीस पाठवली, त्याच्याच मागे टपाल कचेरीच्या रांगेत उभे राहावे लागते. ज्याचा केक आपण नाटकातल्या खलनायकासारखा पाडला, त्याचीच मावशी चर्चच्या गायनवृंदात आपल्या शेजारी उभी असते. मेसिनाप्रमाणेच इथेही अख्खे गाव दोघांवर नजर ठेवून असते, पैजा लावते, आणि दोघांना एकाच बर्फगाडीवर बसवण्याचे कट करते. पळायला जागा नसणे ही शोकांतिकेची सामग्री आहे, पण त्या जागेत एक केशकर्तनालय आणि तिथे बसलेल्या चार म्हाताऱ्या घातल्या की तिचा फार्स होतो.

रॉकवेल यांच्या त्या चित्रात आणखी एक गोष्ट आहे. उजवीकडचे ‘रेड लायन इन’ हे भले मोठे विश्रांतिगृह अंधारात आहे, कारण त्या काळी ते हिवाळ्यात बंद असे. उजळलेल्या रस्त्याच्या कडेला ही अंधारी इमारत चित्रकाराने प्रामाणिकपणे तशीच ठेवली. कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर मात्र एकही खिडकी विझलेली नसते. प्रत्यक्षात अशा गावांतल्या भेटवस्तूंच्या, खेळण्यांच्या दुकानांचे वर्षभराचे गणित बऱ्याच अंशी नोव्हेंबर-डिसेंबरच्या गल्ल्यावर बसते. त्यामुळे दोन दुकानदारांची नाताळातली चुरस ही केवळ रुसव्याफुगव्याची बाब नसते. ज्या कादंबरीत नायिका रात्री दुकान बंद करून हिशेबाची वही उघडते, ती मी अधिक विश्वासाने वाचते.

विनोदालाही हाच विश्वास लागतो. जिंजरब्रेडच्या, म्हणजे आल्याच्या बिस्किटांच्या, घरांच्या स्पर्धा हा या कादंबऱ्यांचा आवडता आखाडा आहे, आणि तो काल्पनिक नाही. नॉर्थ कॅरोलायनातील अॅशव्हिल येथील ग्रोव्ह पार्क इनमध्ये १९९२ पासून अशी स्पर्धा भरते आणि तिथे मांडलेली घरे पूर्णपणे खाण्याजोग्या जिनसांचीच असावी लागतात. अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर यांचा लेप भिंती सांधायला वापरतात. तो वाळेपर्यंत भिंत धरून उभे राहावे लागते, आणि हवा दमट असेल तर आल्याच्या बिस्किटाचे छप्पर पोक काढू लागते. हे ज्या लेखिकेला माहीत असते, ती दोन वैऱ्यांना एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, चार हात अडकलेल्या अवस्थेत उभे करते, आणि मग त्यांना बोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जिला हे माहीत नसते, ती त्यांना बर्फात घसरून पाडते. तीच गत नाताळच्या झाडांच्या मळ्यांची. दिवाणखान्यात शोभेल असे सहा-सात फुटांचे फरचे झाड वाढवायला सात ते दहा वर्षे लागतात. म्हणजे शेजारच्या मळेवाल्यावर कुरघोडी करायची ठरवली तर फळ दिसेपर्यंत एक दशक उलटायचे. इतक्या सावकाश चालणाऱ्या सूडाची कादंबरी मला अजून कोणी लिहून दिलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

या मॅसॅच्युसेट्सबद्दलच एक अवांतर सांगायचा मोह आवरत नाही. जे राज्य आज नाताळच्या चित्रांचे माहेर मानले जाते, तिथल्या प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १६५९ साली नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली होती आणि मोडणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ साली रद्द झाला. आणि नाताळात वाचण्यासाठी म्हणून पुस्तक काढण्याच्या रिवाजाला ज्याने खरा जोर दिला, ते डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ लंडनमध्ये १९ डिसेंबर १८४३ रोजी निघाले, त्याच्या सहा हजार प्रती नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या, आणि त्याची किंमत होती पाच शिलिंग. सण आणि वाचन यांची ही गाठ आपल्याला परकी नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक असणे हे मराठी घराला सवयीचे आहे. फरक इतकाच की, आपल्या दिवाळी अंकातल्या कथेत दिवाळी असलीच पाहिजे अशी सक्ती नसते. किंबहुना ती बऱ्याचदा फारच उदास असते. दोन मिठाईवाल्यांची दिवाळीतली विनोदी प्रेमकथा आपल्याकडे साचा म्हणून रुजली नाही. आपल्या कथांमधली दोन शेजाऱ्यांची चुरस हमखास बांधावरून कोर्टात जाते आणि तिथेच म्हातारी होते.

मात्र नाताळ, छोटे गाव आणि चुरस हे तिन्ही एकत्र शोधायला अमेरिकेतच गेले पाहिजे असे नाही. ते गोव्यात तयार आहेत. डिसेंबरमध्ये तिथल्या वाड्यावाड्यांवर ख्रिस्तजन्माचे गोठे उभे राहतात, बांबूच्या कामट्यांना रंगीत कागद लावून नक्षत्रे केली जातात, आणि त्यांच्या स्पर्धाही भरतात. गोठ्यातली हिरवी शेते करण्यासाठी नाताळाच्या काही दिवस आधी ताटलीत नाचणी पेरतात. ती लवकर पेरली तर लांब वाढून मान टाकते, उशिरा पेरली तर ऐन दिवशी नुसती माती दिसते. कादंबरीला याहून चांगले घड्याळ कुठे मिळणार? आणि नायक-नायिकेच्या अडचणीत भर घालायला कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, आहेच. दोदोल, बेबिंक, नेवऱ्या, कुलकुल यांचे ताट शेजाऱ्यांकडे गेलेच पाहिजे, मग त्या शेजाऱ्याच्या कोंबड्यांनी आपली नाचणी टोचून खाल्ली असली तरीही. भांडण चालू असताना ताट घेऊन दारात जाणारी मुलगी, आणि ते ताट रिकामे परत करायचे नसते म्हणून धावपळ करत स्वतःच्या घरातले दोदोल कापणारा मुलगा, हे दोघे माझ्या डोळ्यांपुढे केव्हापासून उभे आहेत.

त्या कादंबरीत हरावे कोणी, याचाही मी विचार करून ठेवला आहे. गोठ्याच्या स्पर्धेत तिने हरावे, आणि खरेखुरे हरावे, त्याचा गोठा चांगला झाला म्हणून. बिल्डर यायला नको, गुण समसमान व्हायला नकोत. अमेरिकन कादंबरीची पंचाईत अशी असते की तिला चोवीस डिसेंबरलाच सगळे उरकायचे असते, त्यामुळे हरलेल्या माणसाला राग गिळायला एक रात्रसुद्धा मिळत नाही. गोव्यात हा हंगाम सहा जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत चालतो. तेवढे दिवस तिला मिळावेत. मध्यरात्रीच्या मिस्सेला तिने त्याच्याकडे पाठ करून बसावे, त्याच्या गोठ्यातला आरशाचा तलाव कसा उलट्या बाजूला होता हे पुढचा आठवडाभर भेटेल त्याला ऐकवावे, त्याने हट्टाने तो तलाव बरोबरच होता असे सांगत तिच्या दारावरून रोज दोनदा जावे, आणि होकार द्यायचाच असेल तर तिने तो पाच तारखेच्या आत देऊ नये.